लहान मुलांसाठी मराठी निसर्ग-ॲप : काय ठेवावं, काय गाळावं?

केतकीबन (प्रश्न)

नमस्कार. ४ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी आजूबाजूच्या निसर्गाची ओळख करून देणारं मराठी ॲप आखतो आहोत. दोघं प्रोग्रॅमिंगला, एक चित्रकार. वापर घरी आणि बालवाडीत, दोन्हीकडे व्हावा. फोन अर्थातच आईबाबांचा किंवा ताईंचा, ३ जीबी रॅमवाला साधा अँड्रॉइड धरून चाललो आहोत. नेट नसतानाही सगळं चाललं पाहिजे.

सध्याचा आराखडा असा: एकूण १२० प्राणी, पक्षी, झाडं. बोलणारी कार्टून पात्रं. बरोबर उत्तराला तारा, रोज ॲप उघडलं की साखळी वाढते. कॅमेरा रोखला की नाव सांगायचं.

विचारायचं ते हे. १२० हा आकडा बरा आहे का? चित्रं घ्यावीत की फोटो? पक्ष्यांचे आवाज कुठून घ्यायचे आणि फोनवर नीट कसे ऐकू येतील? कॅमेऱ्याने ओळख ठेवावी का? आणि वाचता न येणाऱ्या मुलासाठी पडदा कसा मांडायचा? स्पष्ट लिहिलंत तरी चालेल.

---

रानवाट

१२० फार झाले. पहिल्या आवृत्तीत २४ घ्या: ८ पक्षी, ६ झाडं, ६ किडे-कोळी मंडळी आणि बेडूक, खार, पाल, गांडूळ हे चार. निवडीची कसोटी एकच ठेवा, मुलाला ते घरापासून पाच मिनिटांच्या आत दिसू शकतं का? वाघ, हत्ती, पेंग्विन बाहेर. ते दाखवणारी ॲप्स ढिगाने आहेत आणि ती पाहून मूल खिडकीशी जात नाही. तुमच्या ॲपचं यश मूल त्यात किती वेळ रमलं यावर मोजू नका. तीन-चार मिनिटांत फोन खाली ठेवून ते बाहेर गेलं का, एवढंच बघा.

पक्ष्यांत कावळा, चिमणी, साळुंकी, पारवा, बुलबुल, कोकीळ, तांबट आणि घार. मापाची शिडी आपोआप तयार होते: चिमणी १५ सें.मी., साळुंकी २३, कावळा ४३, घार ६१. कुठलाही नवा पक्षी मग 'साळुंकीपेक्षा मोठा, कावळ्यापेक्षा लहान' असा सांगता येतो. पक्षीनिरीक्षकही हेच करतात आणि पाच वर्षांच्या मुलाला ते छान जमतं. पडद्यावर मुंगी आणि म्हैस एकाच मापाची दिसते, हा दोष फार ॲप्समध्ये आहे. म्हणून प्रत्येक कार्डावर कोपऱ्यात मुलाच्या पंजाची सावली द्या आणि त्या मापात प्राणी दाखवा.

नर-मादी वेगळे दिसत असतील तर दोन्ही हवेत. कोकिळेचा नर काळा, डोळा लाल. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके. चिमणीत नराच्या गळ्यावर काळा डाग. एकच फोटो दिलात तर मादी पाहिलेल्या मुलाला तुमचं ॲप चुकीचं ठरवेल.

कार्डं (नंतर वाढवाल तीही) ऋतूप्रमाणे पुढे-मागे सरकू द्या. जानेवारी ते मार्च काटेसावर आणि पळस, एप्रिल-मेमध्ये बहावा. तांबटाची टुकटुक उन्हाळ्यात जोरात. मेअखेर सह्याद्रीच्या पट्ट्यात काजवे. जूनमध्ये पहिल्या पावसानंतर मृगाचा किडा, मग गांडूळ, गोगलगाय, पैसा (स्पर्श झाला की वेटोळं करणारा बहुपाद जीव), बेडूक, सुगरणीचे खोपे. ऑक्टोबरपासून धोबी पक्षी. यासाठी जीपीएस लागत नाही. पालकांकडून एकदाच कोकण, देश, खानदेश, मराठवाडा की विदर्भ एवढं निवडून घ्या आणि फोनची तारीख वापरा.

नावांच्या तक्त्यात एका जीवाला एकच मराठी नाव धरू नका. भारद्वाजाला कुठे कुंभारकावळा म्हणतात, खंड्याला धीवर, शेकरूला भीमखार, पैशाला वाणी. मुख्य नाव एक, बाकीची 'आमच्याकडे असं म्हणतात' या बटणाखाली, आवाजासकट. आजीने सांगितलेलं नाव ॲपने खोटं पाडू नये. फुलपाखरांना राज्य जैवविविधता मंडळाने मराठी नावं दिली आहेत, ती प्रमाण धरा.

---

खडूफळा

वरच्याला जोडून शिकवण्याच्या बाजूने.

बोलणारी पात्रं काढा. चार-पाच वर्षांचं मूल ऐकलेलं खरं धरतं. टोरांटो विद्यापीठातल्या २०१४ सालच्या एका अभ्यासात, प्राणी माणसासारखे वागतात-बोलतात अशा गोष्टी ऐकलेल्या मुलांनी खऱ्या प्राण्यांनाही माणसाचे गुण जास्त चिकटवले, आणि प्राण्याविषयीची खरी माहिती त्यांनी कमी उचलली. गोष्टीच्या पुस्तकात कावळा बोलला तर बोलू दे, पण तुमचं ॲप ओळख करून देणारं आहे. निवेदक माणूसच असू द्या.

ओळखीला फोटो, प्रक्रियेला चित्र. बुलबुलाच्या शेपटीखालचा लाल रंग फोटोत दाखवा; बी रुजताना मातीखाली काय होतं ते चित्रकाराकडून काढून घ्या. प्रत्येक जीवाचे तीन फोटो पुरतात: जवळून, नेहमी दिसतो तसा लांबून किंवा पानाआडून, आणि काहीतरी करताना. दुसरा फोटो बहुतेक लोक गाळतात. मुलाला घार दिसते ती खालून, आभाळातली काळी आकृती म्हणून. ॲपमध्ये मात्र डोळ्यात डोळे घालून बघणारी घार असते. मग ओळख पटणार कशी?

तारे आणि साखळी यांच्या मी पूर्ण विरोधात आहे. १९७३ चा स्टॅनफर्डचा प्रयोग तीन ते पाच वर्षांच्या मुलांवरचा आहे. चित्र काढायची मुळात आवड असलेल्या ज्या मुलांना आधी प्रमाणपत्राचं आमिष दाखवलं, ती नंतर मोकळ्या वेळात आपणहून कमी चित्रं काढू लागली. निसर्गाचं कुतूहल मुलात असतंच, त्यावर बक्षिसाचा थर चढवू नका. रोजच्या साखळीचा आणखी एक तोटा म्हणजे मूल तापाने झोपलं तरी 'माझी साखळी तुटेल' म्हणून फोन मागतं. कुलूप लावलेली कार्डंही नकोत. अंगणात बेडूक समोर बसलाय आणि ॲप म्हणतं, आधी पाच तारे मिळव!

त्याऐवजी 'आज काय दिसलं' अशी वही द्या. मूल चित्रावर बोट ठेवतं, दहा सेकंद आपल्या आवाजात सांगतं, वहीत ते पान लागतं. रोज कावळाच दिसला तर रोज कावळा. पंधरा दिवसांनी मागची पानं ऐकताना आधी 'काळा' एवढंच म्हणणारं मूल 'मान राखाडी आहे' म्हणायला लागलेलं पालकांना ऐकू येतं. प्रगतिपुस्तकापेक्षा हे कितीतरी बोलकं असतं.

बाहेरचे उपक्रम पाच ते दहा मिनिटांचे आणि एकाच क्रियापदाचे ठेवा: ऐक, शोध, मोज, हुंग, जुळव. उदाहरणं देतो. डोळे मिटून एक मिनिट थांब, जितके वेगळे आवाज आले तितकी बोटं उघड. जमिनीवर पडलेलं पिंपळाचं पान शिरांची बाजू वर ठेवून त्यावर पातळ कागद ठेव आणि मेणखडू आडवा धरून हलका घास. (जाड ड्रॉइंग पेपरवर शिरा उमटत नाहीत आणि उभ्या खडूने कागद फाटतो, हे सूचनेत हवंच.) साखरेचे चार दाणे आणि शेंगदाण्याचा चुरा एका पुठ्ठ्यावर ठेव, मुंगी आधी कुठे गेली? सूचना आवाजात, एका वेळी एकच, वाक्य सहा-सात शब्दांचं. सूचना संपली की पडदा काळा होऊ द्या.

लांब पल्ल्याचा एक उपक्रम तरी घ्या. कुंडीतल्या कडीपत्त्यावर किंवा लिंबावर लिंबाळी फुलपाखरू अंडी घालतं. लहान अळी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी होते. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण तीन-चार आठवडे जातात. दोन दिवसांआड एक फोटो, शेवटी सगळे ओळीने. अळी मध्येच नाहीशी झाली तर 'पक्ष्याने खाल्ली असेल' हे निवेदनही तयार ठेवा. असं खूपदा होतं आणि तेव्हा ॲप गप्प बसलं तर मूल गोंधळतं.

बालवाडीत एका फोनभोवती वीस मुलं असतात. तिथे ताईंसाठी वेगळी पद्धत लागेल: फोन ताईंच्या हातात, आवाज मोठा, पडदा बंद, मुलं अंगणात. पायाभूत स्तराच्या २०२२ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात खेळ, मातृभाषा आणि परिसर यांवर भर आहेच, त्यामुळे ताईंना हे वरचं काम वाटणार नाही. घरासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ चा सल्ला धरा: २ ते ४ वर्षांच्या मुलांना बसून पडदा पाहण्याचा वेळ दिवसाला एक तासाहून जास्त नको, कमी तितका चांगला. त्या तासातली तुमची चार मिनिटं.

---

नादवेल

आवाजावर सविस्तर लिहितो, कारण निसर्ग-ॲप्स इथेच सर्वांत जास्त घसरतात.

आधी परवाना. झेनो-कँटो या पक्ष्यांच्या आवाजांच्या संकेतस्थळावर भारतातल्या पक्ष्यांची भरपूर ध्वनिमुद्रणं आहेत, पण बहुतेकांवर 'व्यापारी वापर नाही' अशी अट असते आणि पुष्कळांवर 'फेरफार नको' हीसुद्धा. दुसरी अट असेल तर तुकडा कापून, गोंगाट काढून ॲपमध्ये घालणं परवान्यात बसत नाही. जाहिरात किंवा पैसे घेण्याचा विचार असेल तर पहिलीही अडचणीची. मुद्रण करणाऱ्याला थेट लिहून परवानगी मागा. मुलांच्या मराठी ॲपसाठी म्हटल्यावर बरेच जण देतात. फोटोंचंही तेच: आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर आपोआप लागणारा परवाना अव्यापारी असतो, विकिमीडिया कॉमन्सवर व्यापारी वापर चालतो पण बहुतेक फोटोंना श्रेय द्यावंच लागतं. श्रेयाची यादी पालकांच्या विभागात, प्रत्येक फाइलच्या नावासकट पहिल्या दिवसापासून ठेवत जा. शेवटी जमवायला गेलात तर सापडत नाही.

निवड: सुरुवातीला ठरावीक साच्याची हाक असलेले पक्षी घ्या. कोकिळ नराचं चढत जाणारं कुहू, तांबटाची टुकटुक, टिटवीची टिवटिव, पावशाचं 'पेर्ते व्हा'. साळुंकी ओळखायला सोपी पण ऐकायला अवघड, तिचे आवाज पन्नास तऱ्हांचे. तिचं कार्ड ठेवा, आवाजाच्या खेळात मात्र घेऊ नका. एका खेळात दोनच आवाज समोरासमोर, ते जमल्यावर तिसरा.

भारद्वाज आणि घुबडांची हाक खोल असते. फोनचा छोटा स्पीकर खालचे स्वर जवळजवळ गिळतो, त्यामुळे हेडफोनवर तुम्हाला दमदार वाटणारी हाक फोनवर नुसती कुजबुज होते. स्वर वर चढवून 'दुरुस्त' करू नका, मग तो भारद्वाज उरत नाही. जवळून घेतलेलं मुद्रण शोधा, नाहीतर निवेदकाने तोंडाने हाक काढून दाखवावी. मुलं ती लगेच उचलतात.

प्रक्रिया अशी: ६ ते ८ सेकंदांचा तुकडा, मोनो. १५० हर्ट्झच्या खालचा घरघराट कापा (खोल हाकांना हे लावू नका). सुरुवातीला आणि शेवटी ५० मिलिसेकंदांचा चढ-उतार, नाहीतर 'टक' असा झटका ऐकू येतो. सगळ्या फाइली उणे १६ एलयूएफएसला (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं एकक) आणा, शिखर उणे १ डेसिबल. शिंपी पक्षी किंवा रातकिडा याच मापाला आणला तरी कर्कश वाटतो, त्यांना आणखी ३-४ डेसिबल खाली घ्या. गोंगाट काढायचा फिल्टर जपून वापरा. फार दाबला की पक्षी पाण्याखालून बोलल्यासारखा होतो. थोडी पानांची सळसळ राहू दे, बाहेरही ती असतेच.

फाइल एएसी, ६४ केबीपीएस. आठ सेकंद म्हणजे ६४ केबी. जोडीला सहा-सहा सेकंदांची निवेदनाची तीन वाक्यं धरली तर एका कार्डाला साधारण २०८ केबी, २४ कार्डांना ५ एमबी. फोटो वेबपी स्वरूपात १२० केबीचे धरले तर ७२ फोटोंना साडेआठ एमबी. सगळं ॲपमध्येच बसतं, वेगळं डाउनलोड ठेवू नका.

निवेदन माणसाच्या आवाजात. यंत्राचा आवाज कच्च्या आराखड्यापुरता ठीक, पण मराठी च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार त्याला नेमके जमत नाहीत आणि हे वय ऐकून बोलायला शिकण्याचं आहे. पंखा बंद, खोलीत गाद्या-गोधड्या, माइक तोंडापासून १५-२० सें.मी. आणि किंचित तिरका, म्हणजे प, फ, भ फुटत नाहीत. एका विभागाचं निवेदन एकाच बैठकीत संपवा, नाहीतर आवाजाचा पोत बदलतो. प्रश्न विचारल्यावर तीन सेकंद शांतता सोडा. पाच वर्षांच्या मुलाला उत्तर शोधायला तेवढा वेळ लागतो.

एक कळकळीची विनंती. पक्ष्यांची हाक घराबाहेर मोठ्याने वाजवता येईल अशी सोय ठेवू नका. विणीच्या दिवसांत नराला वाटतं दुसरा नर हद्दीत आला. तो घरटं, पिल्लं सोडून धावत येतो. बाहेरच्या उपक्रमात हाकेचं बटणच दिसू नये.

---

जोडाक्षर

पडदा आणि तांत्रिक बाजू.

बटण किमान २ सें.मी. म्हणजे सुमारे १२५ डीपी (अँड्रॉइडचं पडद्यावरच्या मापाचं एकक). ४८ डीपीचं नेहमीचं माप मोठ्यांच्या बोटांसाठी आहे. फोनवर दोन स्तंभ, तीन ओळी, याहून जास्त नको. खालच्या कडेला काहीही ठेवू नका, मूल फोन धरतं तिथेच त्याचा तळवा टेकलेला असतो. त्याच कारणाने दुसऱ्या बोटाचा स्पर्श बाद धरा.

मूल टॅप करताना बोट घसरवतं आणि अँड्रॉइडला ते स्क्रोल वाटतं. मग 'दाबलं तरी काही होत नाही'. स्क्रोल नसलेला पडदा करा किंवा घसरण्याची सूट वाढवा. लांब दाबलं तरी साधा टॅप समजा. दाबताक्षणी, १०० मिलिसेकंदांच्या आत, काहीतरी हललं पाहिजे आणि पुढचे ७०० मिलिसेकंद त्याच बटणाचे टॅप दुर्लक्षित करा. नाहीतर एकच हाक पाचदा एकमेकींवर वाजते. ओढून ठेवायच्या खेळात बोट मध्येच उचललं जातं. वस्तू मूळ जागी परत पळवू नका, सोडली तिथेच राहू द्या. दोन बोटांनी मोठं करणं, दोनदा टॅप, दोन्ही गाळा.

कडेवरून बोट फिरलं की ॲप बंद होतं, म्हणून पूर्ण-पडदा पद्धत वापरा आणि पालकांना अँड्रॉइडचं ॲप पिन करणं दाखवा.

अक्षरं कमी असली तरी नीट हवीत. मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली नाही तर अनेक फॉन्ट ल आणि श हिंदी वळणाचे दाखवतात. फ्लटरमध्ये (ॲप बांधायचं साधन) मजकुराला मराठी लोकेल, म्हणजे भाषेची खूण, द्या, अँड्रॉइडमध्ये टेक्स्ट-लोकेल. फॉन्ट मराठी वळणं असलेलाच निवडा, नोटो सान्स देवनागरीत ती आहेत. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेखा तुटते. वाचताना रंग बदलायचा तर अख्ख्या शब्दाचा.

गोपनीयतेचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे काहीच गोळा न करणं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक धरतो, पालकांची पडताळलेली संमती मागतो, मुलांचा माग काढणं आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणं यांना मनाई करतो. फक्त मुलांसाठी असलेल्या ॲपला गूगल प्लेवर लोकेशनची परवानगी मागता येत नाही, जाहिरात-ओळख (जाहिरातींसाठीचा फोनचा क्रमांक) पाठवता येत नाही. तुम्ही थेट इंटरनेटची परवानगीच काढून टाका. पण एखादी लायब्ररी ती गुपचूप परत जोडते, म्हणून प्रकाशनाआधी सगळं एकत्र होऊन तयार झालेली मॅनिफेस्ट फाइल (तिच्यात ॲपच्या परवानग्यांची यादी असते) उघडून बघा. मुलांची ध्वनिमुद्रणं ॲपच्या खासगी फोल्डरात ठेवा आणि क्लाउड बॅकअपमधून वगळा. ही शेवटची गोष्ट हमखास राहून जाते.

पालकांच्या विभागाला कुलूप: 'सदतीस अंकांत लिहा'. तीन सेकंद दाबून ठेवण्याचं कुलूप मुलं दोन दिवसांत शिकतात.

---

केतकीबन

मनापासून आभार. तारे, साखळी आणि बोलणारे प्राणी आजच काढले. दोन गोष्टी उरल्या. कॅमेऱ्याचं काय? आणि बाहेर पाठवायचं तर विषारी झाडं, सुरवंट, साप यांची भीती पालक हमखास काढणार.

---

रानवाट

कॅमेरा मुलाच्या हातात नको. फोन स्थिर धरता येत नाही, किडा पळतो, आणि यंत्राने चुकीचं नाव ठामपणे सांगितलं तर ते खोडणारं तिथे कोणी नसतं. शिवाय नाव मिळालं की बघणं थांबतं. पालकांच्या विभागात 'ओळख पटत नाही?' असं लिहून सीक हे फोटोवरून जीव ओळखणारं ॲप सुचवा, ते लॉगइन न करता चालतं.

सुरक्षेसाठी वेगळं घाबरवणारं प्रकरण करू नका, नियम उपक्रमातच विणा. 'डोळ्यांनी बघ, हात पाठीमागे' हे प्रत्येक किड्याच्या कार्डावर. केसाळ सुरवंटाला स्पर्श नाही. तोंडात काहीही नाही, अपवादच नको. चिंच-बोरंसुद्धा ॲपने सुचवायची नाहीत. पानं झाडावरची तोडायची नाहीत, खाली पडलेलीच घ्यायची. हुंगायच्या उपक्रमात फक्त तुळस, कडीपत्ता, गवती चहा, आणि पान मोठ्यांनी हातात द्यायचं.

पालकांसाठी एक पान फोटोंसह: कण्हेर आणि पिवळी कण्हेर, धोतरा, गुंज, एरंड, चंद्रज्योत, रुईचा चीक, खाजकुयलीच्या शेंगा. चंद्रज्योतीच्या बिया खाऊन शाळकरी मुलांना उलट्या झाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, आणि गुंज तर मण्यांसारखी सुंदर दिसते म्हणूनच धोक्याची. काही खाल्लं तर घरगुती उपाय न करता, त्या झाडाचा तुकडा सोबत घेऊन लगेच दवाखान्यात, हे ठळक लिहा.

सापासाठी मुलाला जाती शिकवू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांतला फरक मोठ्यांनाही चटकन कळत नाही. तीनच कृती: थांब, मागे सरक, मोठ्यांना हाक मार. दगडाखाली, बिळात, पालापाचोळ्यात हात घालायला लावणारा एकही उपक्रम नसावा.

---

खडूफळा

चाचणीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. एका फेरीला पाच मुलं, प्रत्येकाला दहा-पंधरा मिनिटं, त्यात चारची आणि सातची दोन्ही टोकं हवीत. शेजारी बसा पण बोट दाखवू नका. 'आवडलं का?' विचारलं तर सगळी हो म्हणतात, त्यामुळे विचारूच नका. मूल कुठे अडलं, कुठे तुमच्याकडे बघितलं, पडदा काळा झाल्यावर उठलं की परत फोनवर टिचक्या मारत बसलं, एवढं टिपा. एक फेरी दुपारच्या उन्हात घ्या. सावलीत झकास दिसणारा फिकट हिरवा रंग तिथे दिसतच नाही. आणि एक फेरी तडा गेलेल्या काचेच्या फोनवर, कारण बहुतेक घरांत मुलाच्या हाती येतो तो तसाच.